सिंधूने खरे का सांगितले नाही?

(मुलुंड येथे झालेल्या आपल्या तिमाही मेळाव्यात पाड्यावरील अभ्यासिकेच्या ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या कुटुंबाविषयी त्यांनी सांगितले त्यांची परवानगी घेतली आहे. पाड्याचे व शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.)





दर मेळाव्याला मी वह्या, दप्तरे, डोळ्यांची तपासणी आणि दहावीचा निकाल यांचा हिशेब घेऊन तुमच्यापुढे उभी राहते. या वेळचा हिशेब मी लेखी दिला आहे. चहाच्या वेळी तो जरूर पाहा. आज मात्र मला एका नाटकाविषयी बोलायचे आहे. समाजकार्य करणाऱ्या बाईने नाटकाविषयी काय बोलायचे, असे कोणाच्या मनात आले असेल. मलाही वर्षभरापूर्वी तसेच वाटले असते.

तुम्हांला ठाऊक आहे की आपली अभ्यासिका बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या एका वारली पाड्यावर चालते. तिथली मुले सकाळी डोंगर उतरून मराठी शाळेत जातात आणि संध्याकाळी आपल्याकडे अभ्यासाला बसतात. गेल्या वर्षी त्यांच्यापैकी नऊ मुले नववीच्या एकाच वर्गात होती. त्या वर्गाच्या मराठीच्या बाईंनी ठरवले की शनिवारचे दोन तास, सहा आठवडे, पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक अख्खे नाटक वर्गात वाचून घ्यायचे. शोकांतिका म्हणजे काय, हे व्याख्येने कळत नाही, एक शोकांतिका आरंभापासून अखेरपर्यंत वाचल्यावरच कळते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी नाटक निवडले ते राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’.

मुलांनी येऊन सांगितले तेव्हा मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि बाईंना म्हटले, “बाई, यांतली चार-पाच मुले घरी रोज हेच बघतात. ते पुन्हा वर्गात कशाला? आणि बाकीची मुले यांच्याकडे बोट दाखवतील त्याचे काय?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, घरी बघतात तेव्हा त्यांना त्यावर बोलायला मिळतं का? इथे मिळेल. सुधाकरबद्दल बोलतील, बापाबद्दल बोलावं लागणार नाही. तुम्हीही येऊन मागच्या बाकावर बसा.”

मी सहाही शनिवार मागच्या बाकावर बसले. तिथे जे शिकले ते आज तुम्हांला सांगते.

आधी नाटकाविषयी थोडे. गडकरी १८८५ साली नवसारीला जन्मले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला वारले. वय अवघे ३३. कविता त्यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. ठाण्याचे गडकरी रंगायतन त्यांच्याच नावाचे. मुलुंडहून आपल्यापैकी कितीतरी जण तिथे नाटकाला जातात. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर महिनाभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली होती. सिंधूचे काम बालगंधर्व करत आणि सुधाकरचे गणपतराव बोडस. एरवी भरजरी शालू नेसून रंगमंचावर येणारे बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून येत आणि प्रेक्षक ढसाढसा रडत, हे जुन्या लोकांकडून आपण ऐकलेले आहे.

गोष्ट अशी. सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि तापट वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि काही महिन्यांसाठी त्याची सनद काढून घेतात. हा अपमान त्याला सहन होत नाही. त्याचा कारकून तळीराम त्याला सांगतो की एक प्याला घ्या, सगळे विसराल. तो एक घेतो आणि त्या एकाचे पुढे किती होतात ते सगळे नाटक आहे. घर जाते, दागिने जातात. बायको सिंधू श्रीमंत माहेरची, पण माहेरचा पैसा घ्यायचा नाही असा तिचा निश्चय असतो. ती लोकांचे दळण दळते. शेवटी दारूच्या भरात सुधाकरच्या हातून तान्हे मूल मरते आणि सिंधूही प्राणांतिक जखमी होते. पोलीस येतात तेव्हा ती नवऱ्याचे नाव घेत नाही. आपल्याला आपोआप लागले, असे सांगून ती मरते. सुधाकर विष मिसळलेला प्याला पिऊन मरतो.

वर्गात प्रत्येकाला आळीपाळीने पात्रे वाटून दिली होती. गडकऱ्यांची वाक्ये एका दमात वाचता येत नाहीत. मुले धापा टाकत वाचायची. ‘मुन्सफ’ म्हणजे कोण, ‘सनद’ म्हणजे काय, हे बाई फळ्यावर लिहायच्या. ‘गुत्ता’ मात्र लिहावा लागला नाही. चपटी, फुगा, हातभट्टी, नवसागर, सगळे शब्द मुलांनीच बाईंना सांगितले.

दुसऱ्या शनिवारी तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश आला. दारुड्यांचे मंडळ, त्यांचे ठराव, त्यांचे वाद. वर्ग हसून हसून लोळला. आमची मुलेही हसली. बाईंनी हसू दिले. मग विचारले, “३१ डिसेंबरला पेपरात ‘तळीराम’ असं का लिहितात?” मुले म्हणाली, “दारुड्यांना तसंच म्हणतात.” बाई म्हणाल्या, “शंभर वर्षांपूर्वीच्या एका नाटकातल्या माणसाचं नाव आज आपल्या भाषेत दारुड्याचं नाव झालंय. पण त्याचं पुढे काय होतं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तोही दारूनेच मरतो. आपल्याला नाव आठवतं, हसणं आठवतं, मरण आठवत नाही.” वर्ग गप्प झाला.

मग बाईंनी शोकांतिका म्हणजे काय ते सांगितले. ग्रीक विचारवंत अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की शोकांतिकेतला नायक अगदी दुष्ट नसतो आणि अगदी निर्दोषही नसतो. चांगल्या माणसाच्या हातून एखादी मोठी चूक होते आणि तो कोसळतो. ते बघताना आपल्याला त्याची दया येते आणि भीतीही वाटते, कारण तो आपल्यासारखाच असतो. सुधाकरची चूक दारूच्याही आधी सुरू होते. त्याला अपमान गिळता येत नाही आणि कोणापाशी रडताही येत नाही.

एका मुलाने हात वर केला. “बाई, मालवणीत झालं ती पण शोकांतिका का?” त्याच्या ओळखीतले कोणी त्यात गेले होते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली, हे तुम्हांला आठवत असेल. दारूत मिथेनॉल होते. बाईंनी विचार करून उत्तर दिले, “सुधाकरने प्याला स्वतः उचलला. मालवणीत माणसांच्या प्याल्यात दुसऱ्याने विष घातलं आणि पैसे घेऊन विकलं. त्याला गुन्हा म्हणतात. गुन्ह्याला शोकांतिका म्हटलं की गुन्हेगार सुटतो.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतले.

तिसऱ्या शनिवारी आमच्या पाड्यातला एक मुलगा वर्गात काही बोलला नाही, पण संध्याकाळी अभ्यासिकेत मला म्हणाला, “ताई, सुधाकर तर वकील. शिकलेला, मोठ्या घरातला. मग आदिवासी म्हणजे दारू, असं आपल्यालाच का म्हणतात?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्यालाही आहे. आपल्याच प्रार्थनांत “या व्यसनी लोकांना वाचव” असे शब्द मी ऐकले आहेत. मी स्वतः ते बोलले आहे.

मी त्या मुलाला जे सांगितले ते थोडक्यात असे. मोहाच्या फुलांची दारू आणि ताडी सणाला, लग्नाला, देवाच्या कार्याला घरात असायची. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. घरची दारू गुन्हा ठरली आणि परवान्याच्या दुकानातून, कर भरलेली दारू विकत घ्यावी लागली. दारू सरकारच्या उत्पन्नाची बाब झाली. गावात गुत्ता आला, गुत्त्याबरोबर उधारी आली. आणि ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाल्यावर तीन वर्षांनी, १९२२ मध्ये, देवीची चळवळ झाली. आपल्या पालघरच्या किनाऱ्याच्या बाजूने निघालेली ही लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोहोचली. अंगात देवी आलेली माणसे सांगत की दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा. हजारो आदिवासींनी सभा भरवून शपथ घेतली आणि गुत्त्यांवर बहिष्कार टाकला. काही ठिकाणी ते टिकले, काही ठिकाणी नाही. पण बाहेरून कोणी शिकवायला आलेले नसताना त्यांनी ते केले. नाटकातला शहरी वकील एकटा होता, त्याला जमले नाही. या लोकांनी एकमेकांचे हात धरून ते करून पाहिले.

मुलगा म्हणाला, “हे पुस्तकात का नाही?” मी म्हटले, “तू लिही.” पुढच्या शनिवारी त्याने वर्गात उभे राहून हे सांगितले. ज्या मुलांनी बोट दाखवण्याची मला भीती होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चौथ्या शनिवारी बाईंनी फळ्यावर एक उभी रेघ काढली. वर लिहिले ‘पहिला प्याला’, खाली लिहिले ‘शेवटचा प्याला’. मग म्हणाल्या, “या रेघेवर दारं काढा. कुठे कोणाला थांबवता आलं असतं?” मुलांनी एकेक दार सांगितले. अपमान होऊन सुधाकर घरी येतो, ते एक दार. सिंधूचा भाऊ पद्माकर मदत घेऊन उभा असतो, ते एक. सुधाकर दारू सोडायचे ठरवून कामधंद्यासाठी लोकांकडे जातो आणि पदरी अपमानच येतो, ते एक. या दारावर वर्ग बराच वेळ थांबला. एक मुलगी म्हणाली, “तेव्हा कोणी काम दिलं असतं तर नाटक तिथेच संपलं असतं.”

मग रामलालचा विषय निघाला. रामलाल हा सुधाकरचा मित्र, सज्जन माणूस. एका प्याल्यात किती अनर्थ आहे, हे तो फार सुंदर शब्दांत सांगतो. आमच्या पाड्यातला एक मुलगा म्हणाला, “बाई, रामलाल चांगला आहे, पण भाषणच देतो.” सगळे हसले. मागच्या बाकावर मीही हसले, पण मला ते लागले. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली, व्यसनमुक्तीवर पाड्यात किती बोलले असेन त्याची गणती नाही. रामलालइतके सुंदर मला बोलता येत नाही, एवढाच फरक.

आता सहाव्या शनिवारचे सांगते. त्यासाठीच मी आज बोलायला उभी आहे.

शेवटचा अंक होता. सिंधूचे वाचन आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीकडे होते. फौजदार येतो, विचारपूस करतो आणि सिंधू आपल्याला आपोआप लागल्याचे सांगते, त्या जागेवर ती आली आणि थांबली.

“बाई, हे मी वाचणार नाही.”

“का गं?”

“हे खोटं आहे.”

बाई म्हणाल्या, “हो, ती खोटंच बोलते आहे. नवऱ्याला वाचवायला. तिचं प्रेम आहे.”

मुलगी म्हणाली, “मग बाळाचं खरं कोण सांगणार?”

वर्गात कोणी बोलले नाही. बाईसुद्धा नाही. ती मुलगी खाली बसली आणि तिने पुस्तक मिटले.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण दोन पावसाळ्यांपूर्वी तिची आई माझ्याकडे आली होती. भुवईवर खोक पडली होती. “मोरीत घसरले, ताई,” असे ती म्हणाली. ती घसरली नव्हती हे मला ठाऊक होते. तिच्या नवऱ्याचा आवाज अर्ध्या पाड्याला ऐकू जायचा. मी जखम धुतली, मलम लावले, तिच्यासोबत प्रार्थना केली आणि म्हटले, “धीर धर. सहन कर. देव त्याचं मन वळवील.” ती मान हलवून गेली. ही मुलगी तेव्हा दारात उभी होती.

मी तिचे खोटे ऐकून घेतले, कारण ते मला सोयीचे होते. खरे ऐकले असते तर काहीतरी करावे लागले असते. नाटकातला फौजदार सिंधूने सांगितले ते ऐकून घेतो आणि निघून जातो. वर्गात मुलांनी दारे मोजली, त्यांत हे दार कोणी मोजले नव्हते. ते माझे होते.

सिंधूला नावे ठेवायला मी उभी नाही. १९१९ सालच्या सिंधूने जायचे कुठे? त्याच नाटकात सुधाकरची बहीण शरद आहे, बालविधवा. नवऱ्यावाचून बाईचे काय होते ते सिंधूच्या डोळ्यांपुढेच होते. तिला कायदा नव्हता, आसरा नव्हता. गडकऱ्यांनी तिचे दुःख असे मांडले की लोक शंभर वर्षे रडत आले. पण आपण रडून घरी गेलो आणि मुलींना सांगितले, सिंधूसारखी हो. तिथे आपले चुकले.

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून मी पाड्यात गेले. तिच्या आईजवळ चुलीपाशी बसले. आधी माफी मागितली. म्हटले, “त्या दिवशी तू घसरली नव्हतीस, हे मला माहीत होतं.” ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्हाला माहीत आहे, हे मलाबी माहीत होतं.”

बराच वेळाने ती बोलायला लागली. ते सगळे सांगण्याची परवानगी मला नाही. पुढे काय झाले तेवढे सांगते. ती मुलांना घेऊन दोन महिने भावाकडे राहिली. जाताना मी तिच्या हातात एका कागदावर नंबर लिहून दिले. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तिच्यासोबत गेले. तिथे ती पहिल्यांदा म्हणाली, “नवऱ्याने मारलं.” दोनच शब्दांना तिला दोन वर्षे लागली.

नवऱ्याकडे मी गेले नाही. आपल्या मंडळीतले एक काका गेले, जे स्वतः १४ वर्षांपूर्वी दारूतून बाहेर पडले आहेत. त्यांनी भाषण दिले नाही. ते त्याला आपल्याबरोबर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला घेऊन गेले. पुढे तो निवासी उपचाराला राजी झाला. परत आला तेव्हा आधीच्या मुकादमाने बागकामावर घेतले नाही. नाटकातलेच दार पुन्हा समोर आले. या वेळी आपल्यातल्या एका भगिनीने आपल्या सोसायटीत त्याला आठवड्याचे दोन दिवस काम मिळवून दिले. दिवाळीत तो पुन्हा प्यायला. तिने लगेच मुलांना घेऊन भावाचे घर गाठले, या वेळी कोणाला न विचारता. तोही पुन्हा सभेला गेला. आज त्याला सात महिने झाले. घर पुन्हा एकत्र आहे. उद्याचे मी सांगू शकत नाही, आणि साक्ष म्हणून त्याचे नाव घेऊन टाळ्याही मागणार नाही. ‘आजचा दिवस नाही’ एवढेच ते लोक म्हणतात, तेवढेच मीही म्हणते.

पदविकेच्या अभ्यासात आम्हांला दावीद राजा आणि नाथान संदेष्ट्याचा शास्त्रभाग होता. राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवले. नाथान त्याच्यापुढे गेला, पण त्याने आरोप केला नाही. त्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली. राजा त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला, तेव्हा नाथानाने त्याला दाखवून दिले की ही गोष्ट त्याचीच आहे. परीक्षेत मी यावर चार पाने लिहिली होती. पण गोष्ट माणसाला कशी धरते, हे मला नववीच्या वर्गातल्या मागच्या बाकावर कळले. म्हणून मी आता असे म्हणत नाही की आपल्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवा, नाटक-कविता नंतर बघू. आपल्या मुलांना गोष्टींची गरज आहे. आपल्यालाही आहे.

आणखी एक शिकले. क्षमा हा आपल्या विश्वासाचा पाया आहे. पण क्षमा करण्याआधी काय घडले ते खरे सांगावे लागते. मारणाऱ्याला वाचवण्यासाठी बोललेले खोटे म्हणजे क्षमा नव्हे. त्याने मार खाणारा वाचत नाही, आणि सुधाकर तरी कुठे वाचला?

आता तुमच्याकडे माझे मागणे. पैशाचे नाही, ते खजिनदार मागतील.

पहिले, कोणतीही बाई “घसरले” म्हणून आली तर तिला “सहन कर” म्हणू नका. तिच्याशी एकटीशी बोला. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर पाठ करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात फक्त मार खाणारीनेच तक्रार करावी असे नाही. शेजारी, नातेवाईक, कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. त्या बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्कही तोच कायदा देतो.

दुसरे, दारू हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा मुंबईत मराठीतही भरतात आणि त्यांना फी नसते. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेले कृपा फाउंडेशन आहे. पुण्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले मुक्तांगण आहे. भाषण देण्याऐवजी बरोबर जा.

तिसरे, उपचार घेऊन परत येणाऱ्याला काम द्या. दोन दिवसांचे असले तरी द्या. नाटकात ते दार बंद होते.

शेवटी एक सांगून थांबते. नाटक संपल्यावर बाईंनी गृहपाठ दिला होता. शेवटचा प्रवेश पुन्हा लिहा, मात्र फौजदाराला एक वाक्य जास्त बोलू द्या. कोणी लिहिले, फौजदार सुधाकरला पकडतो. कोणी लिहिले, तो डॉक्टर बोलावतो. आमच्या मुलीची वही बाईंनी मला दाखवली. तिचा फौजदार म्हणतो, “बाई, मी या सगळ्यांना बाहेर पाठवतो. मी इथे बसलोय. घाई नाही. आता सांगा.”

त्याखाली तिने सिंधूचे नाव लिहिले होते आणि पुढची जागा मोकळी सोडली होती. बाईंनी पूर्ण गुण दिले.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्यासाठी आणि तिच्या घरासाठी प्रार्थना करा.